नवी पेठ आणि पहिले वीस दुकानदार

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एका नव्या प्रकारचे पाहुणे येऊ लागले आहेत. कुणी बी.एस्सी. झालेला, कुणी इंजिनिअरिंगचा. आपल्याच मोहल्ल्यातली, आपल्याच कारागिरांची आणि दुकानदारांची ही मुले. हातात मोबाईल असतो, त्यात स्वतः तयार केलेले अ‍ॅप असते आणि मागणी एकच असते, “तुमच्या साप्ताहिकात आवाहन छापा. लोकांना सांगा की परक्यांची अ‍ॅप सोडा आणि या आपल्या अ‍ॅपवर या.” मुले हुशार असतात. कामही बहुधा नेटके केलेले असते. आम्ही चहा मागवतो, अ‍ॅप पाहतो आणि विचारतो, “आज इथे माणसे किती आहेत?” मुले एकमेकांकडे पाहतात आणि म्हणतात, “आवाहन छापून आले की येतील.”

आम्ही आवाहन छापत नाही. मुलांना नाउमेद करावे असा त्यात हेतू नाही. आवाहनाने माणसे एकदा येतात, बघतात आणि निघून जातात, हा आजवरचा अनुभव आहे. नवे समाजमाध्यम उभे करणे म्हणजे नवी पेठ वसवणे होय. पेठ कशी वसते, हे आपल्या व्यापारी बांधवांना कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा जास्त कळते, असे आमचे मत आहे. म्हणून आवाहनाऐवजी हा लेख लिहीत आहोत. तो त्या मुलांसाठी आहे आणि ज्यांना ती मुले पहिल्यांदा बोलावणार आहेत त्या दुकानदारांसाठी आणि कारागिरांसाठीही आहे.

गरज खरी आहे

दुसरी पेठ हवी, हे मुलांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्या वेळी एकट्या टिकटॉकवर आपल्या देशातली सुमारे २० कोटी माणसे होती. बंदी योग्य होती की अयोग्य, हा या पानाचा विषय नाही. आमचा विषय एवढाच की त्या गर्दीत मेंदी काढणाऱ्या मुली होत्या, शिंपी होते, मिठाईवाले होते, लाकडावर नक्षी कोरणारे होते. रोज एक चित्रफीत टाकून त्यांनी माणसे जमवली होती. त्यांना वाटत होते की ही आपली गिऱ्हाइके आहेत. प्रत्यक्षात ती अ‍ॅपची होती. अ‍ॅप गेले, तशी तीही गेली. गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर लिहिलेली वही दुकानदाराजवळ नव्हतीच.

बंदी तर मोठी गोष्ट झाली. आमच्या परिचयातील एका तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याचे एका बड्या समाजमाध्यमावरचे खाते रमजानच्या ऐन हंगामात बंद झाले. कारण कळले नाही. दाद मागावी तर समोर माणूसच नव्हता, यंत्राचे ठरावीक उत्तर येत राहिले. खाते पुन्हा सुरू झाले तेव्हा ईद होऊन गेली होती आणि माल गोदामात पडून होता. ज्या बाजारात आपले दुकान कुणी कुलूप लावून बंद करू शकतो आणि किल्ली कुणाकडे आहे तेही कळत नाही, त्या एकाच बाजारावर सगळा धंदा ठेवणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा गरज खरी आहे. प्रश्न आहे तो रिकाम्या पेठेत पहिला माणूस का यावा, हा.

पेठ ओसाड का राहते

गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार येत नाही आणि दुकान नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही. नव्या पेठेचे हे मूळ दुखणे आहे. समाजमाध्यमात ते जास्त जाणवते, कारण तिथे माल म्हणजे माणसेच असतात. ज्या फोनवर आपल्या ओळखीचा एकही माणूस नाही, तो फोन कितीही सुंदर असला तरी निकामी असतो.

इथे थोडा हिशेब मांडू. एका गल्लीत, एकाच धंद्यातली २० माणसे आहेत. त्यांच्यात दोघादोघांच्या किती जोड्या होतात? १९०. म्हणजे १९० ठिकाणी भाव विचारला जाऊ शकतो, उसनवार होऊ शकते, निरोप जाऊ शकतो. आता हीच २० माणसे २० गावांतली, २० धंद्यांतली, एकमेकांना न ओळखणारी घ्या. कागदावर जोड्या तितक्याच आहेत, व्यवहार मात्र शून्य. मुंबईतला अत्तरवाला आणि जालन्यातला वेल्डर यांनी एकमेकांशी काय बोलावे? आमची मुले मोठ्या अभिमानाने सांगतात की आमच्या अ‍ॅपवर अमुक इतक्या हजारांनी नाव नोंदवले. आम्ही विचारतो, त्यांतले किती जण एकमेकांना ओळखतात? आकडा हजारांचा असला आणि ओळख कुणाचीच नसली, तर ती पेठ नव्हे, तो एस.टी. स्टँड आहे.

भांडवलाने आणि रागाने

पुरेसा पैसा ओतला की माणसे येतात, असे अनेकांना वाटते. गूगलपेक्षा अधिक पैसा आणि अधिक कुशल माणसे कुणाकडे असतील? त्या कंपनीने जून २०११ मध्ये गूगल प्लस नावाचे समाजमाध्यम काढले आणि कोट्यवधी लोकांची नावे त्यात आणली. पण २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केले की तिथे येणाऱ्यांच्या १०० पैकी ९० भेटी ५ सेकंदही टिकत नाहीत. दारात डोकावायचे आणि मागे फिरायचे. एप्रिल २०१९ मध्ये ते सामान्य लोकांसाठी बंद झाले.

दुसरा समज असा की जुन्या पेठेवर लोक रागावले की नव्या पेठेत येतील. हे अर्धे खरे आहे. आपल्याकडचे ‘कू’ २०२० साली सुरू झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद झाला, तेव्हा मंत्री, सरकारी खाती, नामवंत मंडळी ‘कू’वर आली आणि त्यांच्यामागे गर्दी आली. चालकांनीच नंतर सांगितले की भर बहरात रोज येणारे सुमारे २१ लाख होते. भारतीय भाषांना तिथे मान होता, ही गोष्ट चांगली होती. तरीही जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. भागीदारीची बोलणी फिसकटली आणि खर्च झेपेना, असे चालकांनी सांगितले. आमचे मत असे की राग हा पाहुणा आहे, तो घरचा माणूस होत नाही. मंत्र्यामागून आलेला माणूस मंत्र्याचे ऐकायला येतो. शेजाऱ्याशी बोलायला येत नाही.

रागाची लाट आली तर ती पेलण्याची तयारीही लागते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अटी बदलल्या म्हणून लोक ‘सिग्नल’कडे धावले, तेव्हा ते अ‍ॅप १५ जानेवारीला ठप्पच झाले. २०२५ च्या सप्टेंबरात झोहो कंपनीच्या ‘अरट्टै’वर नाव नोंदवणाऱ्यांची संख्या तीन दिवसांत रोजी ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली आणि कंपनीला रातोरात यंत्रसामग्री वाढवावी लागली. या मोठ्या संस्था होत्या, त्यांना ते जमले. आपल्या तीन-चार मुलांच्या खोलीवर अशी लाट आली तर पाणी घरात शिरेल.

गल्ली भरली की गाव भरते

मग जी समाजमाध्यमे टिकली, त्यांनी सुरुवात कशी केली? आज जगभर पसरलेले फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड या एकाच विद्यापीठात सुरू झाले. बाहेरच्या माणसाला प्रवेशच नव्हता. महिन्याभरात तिथल्या पदवी वर्गांतले निम्म्याहून अधिक विद्यार्थी त्यावर आले. म्हणजे वर्गात शेजारी बसणारा, खानावळीत समोर बसणारा माणूस तिथे सापडणारच, अशी स्थिती झाली. त्यानंतर कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल ही विद्यापीठे घेतली. एक वाडा भरला की दुसरा. सर्वांसाठी दार उघडले ते २००६ च्या सप्टेंबरमध्ये, अडीच वर्षांनी.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००९ साली जॅन कूम यांनी ते काढले तेव्हा त्यात निरोप पाठवण्याची सोय मुख्य नव्हती. आपण सध्या कामात आहोत की मोकळे, एवढेच आपल्या नावापुढे लिहिता येई. पहिले वापरणारे म्हणजे कूम यांच्या ओळखीचे, रशियन बोलणारे मित्र. ते मित्र त्या एका ओळीचाच उपयोग एकमेकांना निरोप द्यायला करू लागले. कूम यांनी ते पाहिले आणि अ‍ॅपच बदलले. पहिली माणसे थोडी आणि ओळखीची होती म्हणून त्यांचे वागणे मालकाच्या नजरेस पडले. पहिल्या दिवशी लाखभर अनोळखी आले असते तर हे दिसलेच नसते.

तिसरे उदाहरण आपल्या कारागिरांच्या जवळचे आहे. २०१० साली सुरू झालेल्या ‘पिंटरेस्ट’वर लोक कपडे, विणकाम, घरसजावट यांची चित्रे जमवून ठेवतात. त्याचे एक संस्थापक बेन सिल्बरमन यांनी सांगितले आहे की पहिल्या सुमारे ५ हजार माणसांना त्यांनी स्वतः पत्रे लिहिली आणि अनेकांना आपला फोन नंबर दिला. ‘पिंटरेस्ट’चे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे दुसरा कुणीही नसला तरी एकट्या माणसाला उपयोग होता, कारण आपल्या आवडीचे नमुने आपल्यासाठीच जपून ठेवता येत. शेजारी येईपर्यंत माणूस कंटाळून जात नसे.

या तिन्ही गोष्टींत भपका कुठेच नाही. एक गल्ली, एक धंदा किंवा एक ओळखीचा गट पुरा भरायचा, एकट्याने आलेल्यालाही पहिल्याच दिवशी काही काम होईल अशी सोय ठेवायची आणि मालकाने स्वतः उंबऱ्यावर उभे राहायचे.

आपल्या मुलखातली रीत

हे काही अमेरिकेचेच ज्ञान आहे असे समजू नये. आपल्या मुलखात पेठा वसवण्याची रीत शेकडो वर्षांची आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर कौल दिला जाई. येणाऱ्या व्यापाऱ्याला ठरावीक वर्षे जकात व पट्ट्या माफ, नंतर काय द्यावे लागेल ते आधीच लिहिलेले. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यालाही इस्तावा मिळे, म्हणजे सारा पहिल्या वर्षी थोडा आणि मग टप्प्याटप्प्याने वाढणारा. राज्यकर्त्यांना ठाऊक होते की पहिला येणारा धोका पत्करतो, तर त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. आणि पेठेवर शेटे-महाजन नेमले जात. व्यापाऱ्यांना बोलावून आणणे, त्यांना जागा देणे, तंटे मिटवणे ही शेट्याची कामे. तो लोकांना नावाने ओळखत असे.

मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी हे गाव वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्याने त्या कोरड्या जागी जमिनीखालून नळ टाकून नहर आणली. पाणी आले म्हणून वस्ती टिकली आणि वाढली. नुसते शहराला नाव दिले असते आणि दवंडी पिटली असती तर लोक आले असते आणि तहानेने परतले असते. आमच्या अ‍ॅपवाल्या मुलांनी स्वतःला विचारावे, आमच्या पेठेत पाणी कोणते?

मालेगावही असेच वाढले. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडून विणकरांची घराणी आग्रा रस्त्याने या बाजूला आली आणि मोसम नदीच्या काठी त्यांनी माग मांडले. त्यांना कुणी जाहिरात करून बोलावले नव्हते. आधी आलेल्यांचे माग चालू आहेत, हे पाहून मागचे आले.

आणि आठवडी बाजार तर आपण सगळेच पाहतो. लहान गावात रोज गिऱ्हाईक पुरेसे नसते, म्हणून साऱ्या पंचक्रोशीने एक वार ठरवून घेतला. सहा दिवस मैदान ओस असते, पण त्या एका दिवशी पाय ठेवायला जागा नसते. थोडी माणसे असतील तर त्यांना एका वेळी एकत्र आणा, हे त्यातले तत्त्व आहे. नव्या अ‍ॅपला याहून चांगला गुरू मिळणार नाही.

मालेगावात करायचे झाले तर

उदाहरणादाखल मालेगावच घेऊ. समजा, आपल्या मुलांचे अ‍ॅप तयार आहे. त्यांनी सभा घेऊ नये, फलक लावू नये. एका भागातले, एकमेकांना ओळखणारे २० मागवाले निवडावेत. त्यात एक साईझिंगवाला, एक सुताचा व्यापारी, माग दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणि सुटे भाग विकणारा एक दुकानदार असावा. बाकीच्यांना नम्रपणे सांगावे, “सध्या जागा नाही.”

पहिल्या महिन्यात त्यांना अ‍ॅपवर गप्पा मारायला सांगू नये. गप्पांना व्हॉट्सअ‍ॅप आहेच. त्यांना एक वही द्यावी : कोणत्या मागावर किती मीटर कापड उतरले, कोणत्या कामगाराला किती उचल दिली, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे आहे. ही वही शेजारी असो वा नसो, पहिल्याच दिवशी कामाची आहे. हेच ते पाणी.

दुसऱ्या महिन्यात वहीशेजारी एक पाटी लावावी. आज सुताचा भाव काय, कुणाचा माग विकायचा आहे, कुणाला धोटा हवा, कुणाकडे बीम तयार पडले आहे, कुठे कामगार कमी आहेत. आणि या पाटीसाठी एक वेळ ठरवावी. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी असरनंतर तासभर सर्वांनी पाटी पाहायची आणि आपली ओळ लिहायची. त्या तासाला मुलांपैकी एकाने स्वतः तिथे हजर राहावे. कुणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर त्याने फोन करून ते मिळवावे. नव्या पेठेत पहिला प्रश्न विचारणारा अनुत्तरित गेला तर तो पुन्हा येत नाही, आणि बाहेर दहा जणांना सांगतो ते वेगळेच.

लिहिण्याची सक्ती नको. आमच्या अनेक मागवाल्यांचे बोलणे एका भाषेत, हिशेब दुसऱ्या लिपीत आणि सरकारी कागद तिसऱ्या भाषेत असतात. बोलून निरोप ठेवता यावा, मराठी, उर्दू, हिंदी कशातही चालावे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘शेअरचॅट’ने मुद्दाम इंग्रजी बाजूला ठेवून हिंदी, मराठीसारख्या भाषांत दुकान मांडले, म्हणूनच ज्यांना बाकीच्या समाजमाध्यमांवर अवघडल्यासारखे होत होते ती माणसे तिथे आली.

वीसांपैकी पंधरा जण कुणी आठवण न करता दर शुक्रवारी येऊ लागले, की मगच एकविसावा घ्यावा. तोही मुलांनी नव्हे, त्या वीसांपैकी कुणीतरी आणावा. ज्याने आणले त्याच्या शब्दाची जबाबदारी राहते. पुढे भिवंडी, इचलकरंजी अशी गावे घेताना प्रत्येक ठिकाणी हेच पुन्हा करावे. २०२४ साली ‘ब्लूस्काय’ या समाजमाध्यमाने याचाच एक नवा प्रकार केला. जुन्या वापरणाऱ्याने आपल्या विषयातल्या माणसांची यादी करायची, नव्याने ती यादी एका दमात घ्यायची. म्हणजे नव्या माणसाला रिकाम्या चौकात उभे राहावे लागत नाही, आल्या आल्या ओळखीची दुकाने दिसतात. मिरजेच्या सतारमेकरांची अशी एक यादी असेल तर सतार शिकणारा कुठल्याही देशातला विद्यार्थी ती एका बोटाने उघडेल.

खोटी गर्दी नको

एका गोष्टीबद्दल आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो. ‘रेडिट’ नावाचे मोठे समाजमाध्यम २००५ साली सुरू झाले तेव्हा चालकांनी स्वतःच अनेक खोट्या नावांनी मजकूर टाकून गजबज दाखवली. ते पुढे त्यांनीच कबूल केले. धंदा चालला, म्हणून काही जण याला हुशारी म्हणतात. आपल्या तिजारतीत लिलावात खोटी बोली लावून भाव चढवणे याला नज्श म्हणतात आणि त्याची सक्त मनाई आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. खोटी गिऱ्हाइके उभी करून खऱ्या माणसाला आत ओढणे हे त्याच जातीचे आहे. शिवाय व्यवहारातही ते टिकत नाही. वीस माणसांच्या गल्लीत एकविसावे खोटे नाव लगेच ओळखू येते. “आम्ही आज वीसच आहोत,” असे सांगण्यात काही कमीपणा नाही.

कौल मागून घ्या

आता व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी. मुले तुमच्याकडे येतील, “चाचा, आमच्या अ‍ॅपवर या,” म्हणतील. त्यांना हाकलून लावू नका. आपली मुले दुकान काढतात तेव्हा पहिली खरेदी आपणच करतो. पण पहिले येणारे तुम्ही आहात. मेहनत, वेळ आणि नाव तुमचे लागणार आहे. पेठ वसली तर मुले मालक होतील, उजाड झाली तर तुमचाही वेळ जाईल. म्हणून जुन्या व्यापाऱ्यांसारखा कौल मागून घ्या, आणि तो कागदावर घ्या. आमच्या मते त्यात पाच गोष्टी असाव्यात.

पहिली, भाडे. किती वर्षे फुकट आणि त्यानंतर दर काय, हे आजच लिहून द्यावे.

दुसरी, वही. तुमच्या गिऱ्हाइकांची नावे, हिशेब आणि मालाची छायाचित्रे कोणत्याही दिवशी बाहेर काढून नेता आली पाहिजेत. ही अवाजवी मागणी नाही. २०१६ पासून चालू असलेल्या ‘मॅस्टोडॉन’वर एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना तुमच्यामागे असलेली माणसे बरोबर नेता येतात.

तिसरी, दार बंद करण्याची सूचना. पेठ मोडायची वेळ आली तर किमान सहा महिने आधी सांगावे. गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ‘ऑर्कुट’ बंद केले तेव्हा त्यानंतरही लोकांना आपला मजकूर नेण्यासाठी दोन वर्षे मुदत दिली होती. मोठ्यांना जमते ते लहानांनाही जमेल.

चौथी, अमानत. अ‍ॅप मोबाईलमध्ये घेताना सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांनी न विचारता ओढून घेऊ नयेत आणि घेतलेले कुणाला विकू नयेत. गिऱ्हाइकाने नंबर तुमच्या भरवशावर दिलेला असतो.

पाचवी, दाद. खाते बंद करायचे तर कारण सांगावे आणि दोन दिवसांत ऐकून घेणारा, नाव-पत्ता असलेला माणूस असावा. दाद मागायला माणूसच नाही, म्हणून तर आपण दुसरी पेठ शोधतो आहोत. नव्या पेठेतही तीच गत असेल तर जागा बदलून उपयोग काय?

जी मुले या पाच गोष्टी लिहून देतील, त्यांच्याकडे जरूर जा. जी म्हणतील की आधी या, मग बघू, त्यांना सांगा की आधी लिहा, मग येऊ.

आणि एक सावधगिरी. नव्या पेठेत गेलो म्हणून जुन्या पेठेतले दुकान मोडू नका. गिऱ्हाईक जिथे आहे तिथे आज आपल्याला राहिलेच पाहिजे. मात्र आजपासून एक साधी कागदी वही करा. जुन्या अ‍ॅपवरून येणाऱ्या प्रत्येक कायम गिऱ्हाइकाचे नाव, नंबर आणि त्याची आवड त्याला विचारून तीत लिहून ठेवा. उद्या कोणतेही अ‍ॅप बंद झाले, नवे असो की जुने, तरी ती वही तुमच्या गल्ल्यात राहील. तीच नव्या पेठेत नेण्याचे तुमचे खरे भांडवल आहे.

मुलांना आमचे उत्तर हेच आहे. वीस नावे घेऊन या, कौलाचा कागद घेऊन या. ते वीस जण तीन महिने सलग येत राहिले, असे त्यांनी स्वतः आम्हाला सांगितले, की आवाहन छापायची विनंती तुम्हाला करावी लागणार नाही. आम्ही बातमी छापू. आवाहनापेक्षा बातमीवर लोकांचा भरवसा अधिक असतो.